पाइपवाल्या खालाची म्यानं

पाइपवाली खाला आपलं काम स्वतःच्या अनवाणी पायावर तपासायची. चाकू म्यानात घालायचा, म्यान पायावर उलटं धरायचं आणि गदागदा हलवायचं. समोर बसलेला खाटीक असो की केटरिंगवाला, तो डोळे मिटायचा. खाला मिटायची नाही. "पाय माझा हाय, तू कशाला घाबरतो रे?" म्हणायची.

तिचा नवरा प्लंबर होता. तो गेला, मागं पाइपांचा ढीग राहिला. दुष्काळाची वर्षं. संभाजीनगर शहर चितेगावच्या अंगानं वाढत होतं, जिकडंतिकडं बिल्डिंगा नाहीतर बोअर, त्यामुळं प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे हवे तेवढे मिळत. पाणी मात्र टँकरचं. खाला एकाच पातेल्यातलं पाणी दिवसभर पुरवायची. उकळत्या पाण्यात तुकडा मऊ झाला की चिरायचा, पात्याला कागद गुंडाळून त्यावर दुमडायचा, दोन फळ्यांमध्ये दाबायचा आणि वर स्वतः बसायचं. बसल्या बसल्या चहा व्हायचा. "ही माझी मशीन," असं ती आपल्या वजनाबद्दल सांगायची.

मी वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न होऊन तिच्या गल्लीत आले. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भाजी चिरायला बायका हव्या होत्या. चाकू आपापला आणायचा, पण बसमध्ये उघडा चालणार नाही, असं सांगितलेलं. काम मिळालं नाही तर आम्ही गावी परतणार होतो, आणि गावच्या विहिरीत गाळसुद्धा उरला नव्हता. आदल्या संध्याकाळी मी खालाच्या अंगणात जाऊन बसले.

म्यान छान झालं. तरी मी म्हटलं, "खाला, थोडं घट्ट करा ना. बसमध्ये कुणाला लागलं तर?" तिनं म्यानाचं तोंड गरम करून चिमट्यानं दाबलं. मी म्हटलं, "अजून जरासं." तेव्हा तिनं चिमटाच माझ्या हातात दिला. "घे बाई, तुझं समाधान व्हईपर्यंत दाब."

मी दाबलं. थंड झाल्यावर चाकू निघेचना. ओढून ओढून हात दुखले, डोळ्यांत पाणी आलं. सकाळी काय घेऊन जाणार होते मी?

खाला हसत सुटली. "झकास. आता कुणालाच लागणार नाय. म्यानानंच कांदे चीर." मग तिनं मला जवळ बसवलं. "घट्ट म्यान लई वाईट. ओढताना झटका बसतो अन् हात धारेखाली जातो. चाकू झोपला पायजे बेटी, कैद नाय झाला पायजे."

म्यानाचं फक्त तोंड गरम पाण्यात धरलं, तेव्हा कुठं चाकू सुटला. पात्यावर कागदाची आणखी एक घडी दिली, चाकू परत आत घातला, निवू दिला. ढिलं झालं. पुन्हा तोंड गरम, पुन्हा दाबणं, या वेळी हलक्या हातानं. "मनगटानं ओढू नको, अंगठ्यानं म्यान ढकल," ती सांगत होती. शेवटी अंगठा टेकवला आणि 'टक्' असा आवाज झाला. चाकू अलगद बाहेर.

चाकू परत आत गेल्यावर खालानं पाय पुढं केला. "हलव."

"खाला, पाय मागं घ्या हो."

"तू केलंय ना? माझा भरवसा हाय. तुझा नाय व्हय?"

मी डोळे मिटून हलवलं. चाकू जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर बसमध्ये बसला, काम मिळालं आणि आमचं गावी परतणं टळलं.

पुढं ह्यांना गुजरातेत नोकरी लागली. आज इथल्या एका मेसचं स्वयंपाकघर माझ्या हाताखाली आहे. गॅस बंद केलाय ना, हे अजूनही मी उठून उठून बघते. तो स्वभाव काही जात नाही. पण चाकू हातात असला की मी शांत असते.

गुजरातेत यायला निघताना आठवण म्हणून मी एक जास्तीचं म्यान मागितलं होतं. खालानं साफ नाही म्हटलं. "रिकामं म्यान मी बनवत नाय. कशावर बसवू ते? नवा चाकू घे अन् इथं घेऊन ये."

आता फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. गेल्या महिन्यात मी बाजारातून एक चाकू आणला आणि टॉवेलात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवला. हे म्हणाले, "जुना चांगला चालतोय की. हा कशाला?"

मी म्हटलं, "संभाजीनगरची तिकिटं काढा."