क्रूस विकायचा नसतो

ती मोटरसायकल आजही आठवते, आणि डोळ्यांआधी कानांना आठवते. एकदा सुरू झाली की वटार गावच्या वाड्यांमधली कुत्री भुंकायला लागत. तो आवाज त्या दिवशी कोणीच ऐकला नव्हता. सगळी गोष्ट तिथेच होती आणि आम्ही मात्र भलतीकडे शोधत होतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी वसई भागात फौजदार होतो. एके दिवशी सकाळचे टपाल बघत असताना विरारच्या फुलपाड्याचा एक कंत्राटदार तरातरा आत आला. माणूस रेती-विटांचा पुरवठा करणारा, बोटांत अंगठ्या, आणि बसा म्हणण्याआधीच बसणारा. त्याच्यामागून वटारचा एक तरुण आला. त्याचा चेहरा पार उतरलेला होता.

"साहेब, याच्यावर चारशेवीस लावा. गाडी मला विकली, इसार घेतला, आणि आज डिलिव्हरीला गेलो तर शेड रिकामी!"

तरुण बोटीवर फिटर होता. लष्कराच्या लिलावातली एक जुनी बुलेट त्याने घेतली होती आणि दर सुट्टीत तिच्यावर काम केले होते. पुढचा दांडा लांबवला, हॅंडल खांद्यापर्यंत उचलले, सीट खाली घेतली. परदेशी बंदरांतून सुटे भाग आणून इंजिन असे तयार केले की आमची जीप तिच्यापुढे बैलगाडी वाटे. आमचे शिपाई त्याला 'बोटवाला' म्हणत, मीही तेच म्हणतो. आता तो लांबच्या करारावर निघाला होता. खाऱ्या हवेत गाडी गंजून जाईल म्हणून विकायला काढली होती.

त्या सकाळी गाडी पुसून तयार ठेवून तो सायकलवरून फुलपाड्याला गेला आणि गिऱ्हाईकाला घेऊन परतला. गाडी जागेवर नव्हती.

मी कंत्राटदाराला बाहेर बसवले. तो दारातूनच म्हणाला, "साहेब, दोन ठेवून द्या, पोपटासारखा बोलेल." अशी माणसे प्रत्येक ठाण्यात येतात. मार आम्ही द्यायचा आणि समाधान त्यांना.

तेवढ्यात आमचा एक खबऱ्या मागच्या दाराने आला. नाक्यावर पानाची गादी चालवायचा, खबर सहसा खोटी नसायची. तो म्हणाला, "साहेब, रविवारी मुंबईचा एक सिनेमावाला ती गाडी बघून गेला. जास्त भाव बोलत होता म्हणे."

मी बोटवाल्याला समोर बसवले.

"रविवारी कोण आला होता?"

तो गडबडला. "आला होता एक जण. पण मी नाही म्हटलं, साहेब. शब्द दिला होता ना यांना."

"मला आधी का सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही."

या उत्तराने मी चिडलो, खोटे कशाला बोलू. दुसऱ्या खोलीत हवालदार टेबलावर काठी आपटत होता. ती आपटण्याचीही एक पद्धत असते. कोणाला हात लागत नाही, पण ऐकणाऱ्याचा धीर सुटतो. बोटवाला खुर्चीच्या कडेवर सरकला.

"साहेब, गुन्हा नोंदवला तर माझं बोटीचं पुस्तक जाईल. कंपनी घेणार नाही. दुसरी बोट मिळत नाही मग, कधीच नाही."

ते खरे होते. खलाशाच्या पुस्तकावर पोलिसांचा डाग लागला की माणूस कायमचा जमिनीवर आला. म्हणूनच माझा हात नोंदवहीकडे जात नव्हता. चोर सगळे रडतात, पण चोराला भीती पकडले जाण्याची असते. याची भीती वेगळी वाटत होती. निर्दोष असून पकडले गेलेल्या माणसाची.

मी हवालदाराला वटारला पाठवले. तो दुपारी परत आला. "साहेब, आई लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. घरी म्हातारा बाप आहे. मुलगा कुठे असतो, काय करतो विचारलं तर म्हणतो, त्याचं मला विचारू नका, आणि उठून वाडीत गेला. गाडीचं विचारूच दिलं नाही. काहीतरी लपवतोय."

कंत्राटदार खूश झाला. "बघा! बापसुद्धा सामील."

मी मात्र टोपी घातली आणि जीप काढायला सांगितली. जागा स्वतः बघितल्याशिवाय कागद काळा करायचा नाही, ही माझी सवय. तिच्यापायी वरिष्ठांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत.

वटारला मी शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारला. "सकाळी गाडीचा आवाज ऐकलात?" सगळ्यांचे उत्तर एकच. नाही. एक बाई केळीची पाने कापता कापता म्हणाली, "ती सुरू झाली असती तर आमचं तान्हं उठलं नसतं का, साहेब? पार दुपारपर्यंत झोपलंय आज."

म्हणजे गाडी चालवत नेली नव्हती. ढकलत नेली म्हणावे तर वाडीतली वाट रेताड आणि अरुंद, तो लांब दांडा तिथे वळणार नाही, आणि चाकाचा मागमूसही नव्हता. होत्या त्या बैलगाडीच्या चाकोऱ्या, नेहमीपेक्षा खोल रुतलेल्या. बैलगाडी तर रोज जाते. तिच्याकडे कोण बघतो? मी शेजाऱ्यांना पुन्हा विचारले तेव्हा दोघा-तिघांनी सांगितले, "हो, म्हातारा सकाळी पेंढा घेऊन गेला ना, गड्यांबरोबर."

म्हातारा बावखलाच्या काठी होता. बावखल म्हणजे इकडच्या वाड्यांतले गोड्या पाण्याचे तळे. केळींना पाणी सोडत होता. मला बघून त्याने फावडे खाली ठेवले नाही.

"बाबा, मुलाची मोटरसायकल चोरीला गेलीय."

फावडे थांबले. "चोरीला? कोनी सांगितलं? ती आगाशीला हाय, तांबटाकडं. मी न्हेली, बैलगाडीत पेंढ्यात घालून, वरखडा नको म्हणून."

(घरची बोली त्यांची वेगळीच. माझ्यासाठी तो बाजारातली भाषा वापरत होता.)

"तुम्ही? कशाला?"

"तिच्या टाकीवर क्रूस हाय पितळेचा. हिनं, पोराच्या आईनं, बसवून घेतलेला, पाद्रीबाबांनी पानी शिंपडलेला. गाडी विकायची तर विका. क्रूस विकायचा नसतो, साहेब. तो काढून घ्यायचा असतो. छिन्नी मारून मीच काढला असता, पण टाकीला पोचा आला असता. मग गिऱ्हाईक फिरलं असतं. पोराचं नुकसान कशाला?"

"मुलाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की! वट्यावर उभा ऱ्हाऊन मोठ्यानं सांगितलं."

"कोणाला?"

म्हातारा बैलांकडे बघू लागला.

मग हळूहळू सगळे बाहेर आले. गाडी अंगणात वळत नव्हती म्हणून मुलाने चिकूचे झाड तोडले होते. म्हाताऱ्याच्या बापाने लावलेले झाड. तेव्हापासून बापलेकांचा अबोला. तीन सुट्ट्या तशाच गेल्या. बोलायचे ते आईमार्फत, आणि आई समोर नसेल तर बापाने बैलांना सांगायचे आणि लेकाने कोंबड्यांना. या वेळी आई लेकीकडे गेली आणि घरातले पोस्टच बंद पडले.

"पोरगा कुठं हाय?" म्हाताऱ्याने विचारले.

"ठाण्यात. गाडी चोरल्याच्या संशयावरून."

त्याने फावडे तिथेच टाकले. चिखलाचे पाय न धुताच तो जीपमध्ये बसला. वाटेत आम्ही आगाशीला थांबलो. तांबटाने गाडी एका पोत्यावर टेकवून ठेवली होती, क्रूस निघाला होता, आणि टाकीवर ओरखडाही नव्हता. मी गाडीवर हात फिरवला. इतके हलके मला त्या महिन्यात वाटले नव्हते. गुन्हा नव्हता, आरोपी नव्हता, एका माणसाची रोजीरोटी वाचली होती. पोलिसाला असे दिवस फार मिळत नाहीत.

ठाण्यात आल्यावर बाप भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मला म्हणाला, "साहेब, त्याला सांगा, गाडी सापडली."

मी म्हटले, "बाबा, निरोप पोचवायची नोकरी मी करत नाही. तो तुमच्यासमोर बसलाय."

बोटवाला उठून उभा राहिला होता. "बा, तू सकाळी बैलांना काय सांगत होतास, ते हे होतं?"

"हां."

"मला वाटलं, नेहमीसारखे टोमणे. मी ऐकायचं सोडून दिलंय कधीचं."

हवालदार काठी कोपऱ्यात ठेवून बाहेर गेला. मग म्हातारा वळला, लेकाच्या चेहऱ्याकडे, हातांकडे, पाठीकडे बघत राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मारलं काय रे तुला?"

"नाय, बा."

"खरं सांग."

"खरंच नाय. हातसुद्धा लावला नाय कोनी."

म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि मला नमस्कार केला. मी तो घेतला, पण मान वर करता आली नाही. फार थोडक्यात वाचलो होतो आम्ही सगळे. काठी टेबलावर आपटत होती, ती माणसावर पडायला कितीसा वेळ लागतो? त्या दिवशी पडली असती, तर त्या बापाने केलेल्या पहिल्या प्रश्नाला पोराने काय उत्तर दिले असते?

कंत्राटदाराने गाडी नेली. क्रूस नाही म्हणून त्याने तक्रार केली नाही, त्याला तो कधी दिसलाही नव्हता. बोटवाला ठरल्याप्रमाणे बोटीवर गेला.

या प्रकरणाची कुठे नोंद नाही, पण नव्या फौजदारांना मी हेच सांगत आलो. घरात चोरी झाली की आधी बघा, घरातली माणसे एकमेकांशी बोलतात का. आणि "त्याचं मला विचारू नका" असे कोणी म्हटले, तर त्याला संशयित म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा. त्या म्हाताऱ्याला तेवढेच हवे होते.