जावयाच्या आंघोळीचं पाणी

माझ्या लग्नात बाबांच्या गाडीचा अपमान झाला. मला सासरी पिशोरला पोचवायला त्यांनी आपली जुनी मोटार झेंडूच्या माळा घालून कार्यालयासमोर उभी केली होती. माझ्या चुलतसासऱ्यांनी तिच्या दारावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला गंज रुमालाला पुसला आणि सगळ्या वऱ्हाडादेखत म्हणाले, "हिच्यात बसवलं तर पिशोरला नुसती नवरीच पोचंल, गाडी नाय." वऱ्हाड खो खो हसलं. मी भाड्याच्या जीपमधून गेले. बाबाही हात जोडून हसत होते, आणि त्यांचं ते हसणं जीप वळेपर्यंत मला दिसत राहिलं.

त्यांनी तेव्हाच ठरवलं. दिवाळसणाला लेक-जावई आले, की परत पाठवणी ह्याच गाडीतून करायची, आणि तीही कोरी करकरीत रंगवून. गॅरेजमध्ये द्यायची नाही, घरीच. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून होते, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असा त्यांचा समज होता.

गंज खरवडून झाला. खड्डे बुजवायचा तो राखाडी लगदा, लांबी, तीही भरून झाली. आता सगळी गाडी काचकागदाने घासून गुळगुळीत करायची, आणि घासायचं ते पाणी मारत मारत. इथेच घोडं अडलं. आमच्या भागात नळ चार दिवसांनी यायचा. आईने ड्रमवर झाकण घातलं, झाकणावर पाटा ठेवला आणि सांगितलं, "घरच्या पाण्याला हात लावायचा नाय. मोटारीला तहान लागली तर न्या तिला तुमच्या खात्याच्या कालव्यावर."

मग बाबा सांडपाण्यावर आले. तांदूळ धुतलेलं पाणी गाडीला, कपडे खळबळलेलं पाणी गाडीला. मी दिवाळसणाला आले तेव्हा घरात हात धुवायचे तर बॉनेटवर धुवावे लागत होते. बरोबर माझे यजमान होते. हा कमी बोलणारा माणूस मला अजून नीट कळला नव्हता. चुलतसासऱ्यांच्या त्या विनोदावर हे हसले होते की नाही, ते मी पाहिलं नव्हतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

नरक चतुर्दशीला पहाटे बाबांनी जावयाचा पाट अंगणात मांडला. मोठ्या परातीत, थेट गाडीच्या दाराला लागून. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पहिला सण म्हणून आईने वाटी काठोकाठ भरून वासाचं तेल दिलं आणि मी ते सगळं ह्यांच्या अंगात जिरवलं. मग मी तांब्याने वरून ओतत होते आणि बाबा परातीतून उपसून दारावर मारत होते.

"जावईबापू, जरा मागं सरका. चाकाकडचं लई कोरडं राह्यलंय."

डोळ्यांत उटणं गेलेलं, तरी हे पाटापरातीसकट मागे सरकले. भिंतीवरून शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय हो, जावई धुताय का मोटार?"

"दोन्ही," बाबा म्हणाले.

दुपारी त्यांनी रंगाखालचा लाल हात द्यायला घेतला. ब्रश पुढे सरकला की मागे रंग आपोआप आकसायचा आणि गोल गोल पत्रा उघडा पडायचा. बघता बघता गाडीला देवी आल्या. बाबांनी एका डागावर बोट टेकवलं आणि नाकाशी नेलं. आईने तोंडाला पदर लावला.

बाबा पायरीवर बसले. म्हणाले, "पाडव्याला जीप सांगतो."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. तेवढ्यात हे उठून आत गेले. मला वाटलं, वैतागून झोपायला गेले. पण सासऱ्याने दिलेला नवा सदरा काढून हे बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "मामा, थिनरनं तेल पुसून घेऊ. मग कोरडंच घासू. पाणी लागतंच कशाला?"

पाडव्यापर्यंत दोघे घासत होते. ह्यांना ओवाळायला मी ताट घेऊन आले तर कपाळापासून बनियनपर्यंत सगळा माणूस विटेच्या रंगाचा, कुंकू लावायचं कुठे तेच कळेना. लाल हात मात्र ह्या वेळी बसला. वरच्या क्रीम रंगाचा डबा तसाच राहिला, कारण दिवस संपले होते.

आम्ही लाल गाडीतूनच निघालो, चालवायला बाबा. पिशोरला चुलतसासरे ओट्यावरच होते. ते सावकाश खाली आले, त्यांनी दारावरून बोट फिरवलं आणि लाल झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं. "अन् रंग कुठंय?"

बाबा नेहमीचं हसू हसायला लागले. हात जोडणार, एवढ्यात हे खाली उतरले. मला उतरवून घेतलं, दार जपून लावलं.

"काका, नवरी पोचली," हे म्हणाले. "गाडीबी पोचली. बोट पुसून घ्या."

त्या क्षणी हा माणूस मला पहिल्यांदा आवडला. बाबा बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे राहिले, ते चहा निवेपर्यंत. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं.