सुतळी बांधलेली बरणी

गायकवाड सर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, ‘किती वाजता?’ लाज वाटली. पण शवागारात त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढलेला डॉक्टर दुसरं काय विचारणार! फोनवर सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, ‘पहाटं कधीतरी... झोपेतच.’ सरांना ‘कधीतरी’ चालत नसे. आणि कुणी छातीठोकपणे नेमकी वेळ सांगितली, तर त्याहून जास्त संशय यायचा.

फुलंब्रीजवळच्या विहिरीत एक तरुण बाई सापडली, ते भर मे महिन्यातलं. नवरा म्हणत होता, ‘काल सकाळपर्यंत घरीच होती. मी पाचोडला बाजाराला गेलो, अन् मागं हे झालं.’ मी पाण्याचं तापमान घेतलं, चांगलं कोमट भरलं. एवढ्या कोमट पाण्यात देह एका दिवसात इतपत बदलतोच, म्हणून ‘साधारण एक दिवस’ असं लिहून सहीसाठी पेन उघडलं. नवऱ्याचं बोलणं अगदी जुळत होतं आणि सरांना नेमकं तेच खटकलं.

‘लईच जुळतंय रं. पाणी कुठं मोजलं?’

‘बादलीत, सर.’ पंचनामा होईपर्यंत ती बादली उन्हातच होती.

‘बादलीत मेली व्हय ती?’

दुसऱ्या दिवशी ते स्वतः विहिरीवर आले. थर्मामीटर बरणीत ठेवून त्यांनी ती सुतळीनं खोल सोडली, बराच वेळ तशीच ठेवली, मग भरलेली वर ओढली. पाणी गारेगार होतं. गार पाण्यात देह सावकाश बिघडतो. म्हणजे बाईला मरून एका दिवसापेक्षा जास्त झालं होतं. सरांनी लिहिलं, ‘दोन ते चार दिवस’. त्या दिवसांत नवरा घरीच होता. पुढे पोलिसांसमोर तो सगळं बोलला. माझी सही झाली असती तर तो सुटला असता.

सर गेले त्या सकाळी चिकलठाण्याच्या घरी पोचलो. बाहेरच्या खोलीत माणसं जमली होती. काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. ‘डॉक्टर, पाचला उठले मी. घोरत नव्हते, वाटलं शांत झोप लागली. उठवलं नाय. तवाच हलवलं असतं तर...?’

‘नाही काकू. तीनलाच गेले होते ते,’ मी ठामपणे म्हणालो. तेव्हा कुठे त्या रडल्या.

महिन्याभरानं त्यांनीच ती बरणी सुतळीसकट माझ्या हातात दिली. आता ती माझ्या टेबलावर असते. सही करताना मी तिच्याकडे बघायचं टाळतो. सरांनी एवढंच विचारलं असतं, ‘तीन कशावरनं?’ काकूंना ‘तीन’ सांगितलं तोवर मी तर सरांना हातसुद्धा लावला नव्हता.