नदी नसलेल्या गावातले मासे

आटपाडीच्या एसटी स्टँडसमोरच्या झेरॉक्स दुकानात बसणाऱ्या त्या टायपिस्टचं नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा कपाळावर, एक हात माऊसवर, दुसऱ्या हातात चहाची बशी. तालुक्यातल्या निम्म्या गावांचा निसर्ग त्यानं त्या खुर्चीवरून न उठता नोंदवला होता.

सरकारला प्रत्येक गावाची जैवविविधता समिती हवी होती आणि समितीची नोंदवही. आमची समिती म्हणजे सहा सह्या, त्यातली एक माझी. गावातली झाडं, पाखरं, जनावरं हिंडून लिहायची होती. मी हिंडत हिंडत त्याच्याकडे गेलो.

त्यानं कृष्णाकाठच्या एका गावाची फाईल उघडली, गावाचं नाव बदललं आणि प्रिंट काढली.

"आवं, ह्यात आठ जातीचं मासं हायती," मी म्हणालो. "आमच्या गावाला नदीच न्हाई. आन् माळावरचा लांडगा कुठाय?"

त्यानं चहाचा भुरका मारला. "तुमची समिती तरी कुठं हाय? ती कागदावर चालती, मग मासं का न्हाई चालायचं? लांडगा लिवला की सायब बघाय येतोय. मासं बघाय कोण येतंय तुमच्याकडं?"

मला पटलं. मी सही केली.

गेल्या महिन्यात आमचा माळ खडी क्रशरला द्यायचं ठरलं. तिथं लांडग्याची पिल्लं आहेत म्हणून आम्ही ओरडत कचेरीत गेलो. साहेबांनी आमचीच नोंदवही पुढ्यात ठेवली. लांडगा एकाही पानावर नव्हता.

माशांना मात्र धक्का लागणार नाही, अशी साहेबांनी लेखी हमी दिली.