दोन कानांचा रंधा

चांदवडच्या एसटी स्टँडवर अण्णा मला सोडायला आले, तेव्हा त्यांच्या केसांत भुसा होता आणि कानावर पेन्सिल. कुणाची तरी कांद्याची चाळ बांधायला घेतली होती, ते काम अर्ध्यावर टाकून ते आले होते. आई पदराने नाक पुसत पुन्हापुन्हा डब्याचं झाकण घट्ट लावत होती. मी नुकताच डिप्लोमा झालेली, अंबडच्या कंपनीत नोकरी लागलेली, आतून घाबरलेली आणि वरून शहाणपणाचा आव आणणारी. अण्णांच्या खांद्यावरच्या पिशवीतून त्यांच्या छोट्या पटाशीची, लाकूड कोरायच्या छिन्नीची, मूठ बाहेर डोकावत होती. ती पाहिली आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "अण्णा, ती पटाशी द्या ना मला. आठवण म्हणून."

अण्णांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "हत्यार मागायचं नसतं. न् मागितलं तर द्यायचं नसतं. डबा घेतला का?"

पिंपळगाव येईपर्यंत मी रागाने डबा उघडला नाही. मग भूक लागली, उघडला.

परवा आपल्या भावकीच्या ग्रुपवर मी माझ्या बेस गिटारचा फोटो टाकला, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी एकच प्रश्न विचारलात: "कुठून आणली?" चांदवडला राहिलेल्यांनी विचारला, पुण्याला आणि आखातात गेलेल्यांनीही विचारला. आणली नाही, केली. कशी केली ते ग्रुपवर टाइप करत बसले असते तर अंगठा गेला असता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुताराच्या घरात जन्मून मी लहानपणी रंध्याला कधी हात लावला नाही. लावू दिला नाही म्हणा. एकदा लपून उचलला होता, तर अण्णांनी तो काढून घेतला आणि माझा पंजा स्वतःच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "तुझा हात लहान हाय. पुरायचा नाय." त्यात तुच्छता नव्हती, मापच काढलं होतं त्यांनी. पण माप लागलं. नाशिकला आले ते मोजमापाच्याच नोकरीवर. क्वालिटी डिपार्टमेंट. दिवसभर गेज हातात धरायचा, जॉब तपासायचा, पास किंवा रिजेक्ट. सुताराची पोर केसभर फरकाचा पगार घेऊ लागली.

बेस गिटार माझ्याकडे आली ती मैत्रिणींच्या ग्रुपमुळे. कंपनीच्या गॅदरिंगसाठी चौघींनी बँड काढला. गाणारी होती, कीबोर्डवाली होती, ढोलकीवालीसुद्धा होती. चार जाड तारांचं, खालून हळू घुमणारं ते वाद्य कुणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. जुनी घेतलेली गिटार होती, भलतीच जड, आणि तिची मान, म्हणजे जिच्यावर तारा दाबायच्या ती लांब पट्टी, माझ्या मुठीत मावायची नाही. पुन्हा तेच. तुझा हात लहान हाय.

या वेळी मात्र मी ऐकलं नाही. हात वाढणार नव्हता, मान तरी कमी होणार होती. भद्रकालीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून एक कानस आणली आणि पाथर्डी फाट्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून मानेची पाठ घासायला लागले. तीन सुट्ट्या गेल्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर भुसा पडला, त्यावरून भांडण झालं, मग मैत्री झाली. चौथ्या सुट्टीला मान माझ्या मुठीत आली. तारा चढवल्या आणि पहिला स्वर घुमला तो थेट छातीत. इतका आनंद मला पहिल्या पगारानेही दिला नव्हता, खोटं कशाला बोलू.

मग हत्यारांचं वेडच लागलं. एका वेळी एकच घ्यायचं आणि त्याचं काम नीट आल्याशिवाय दुसरं घ्यायचं नाही, असा नियम केला. आधी करवत, मग लाकूड आवळून धरायचे दोन शिकंजे, मग काटकोन तपासायचा गुण्या, दिवाळीला रंधा. प्रत्येक वस्तू घरी आणली की नव्या सुनेसारखी दोन दिवस नुसती बघत बसायचे. ड्रिल आणली तेव्हा भीतीने पहिली भोकं दुधीवर पाडली. त्या दुधीची भाजी केली, बरी झाली होती.

सगळ्यात लाडकं हत्यार मात्र मालेगावला मिळालं. कंपनीच्या कामाने गेले होते. परत येताना जुन्या बाजारात एका चाचांच्या गाड्यावर, यंत्रमागाच्या गंजलेल्या चाकांखाली, एक विचित्र वस्तू दिसली. मध्ये छोटं पातं आणि दोन्ही बाजूंना पंखासारख्या दोन मुठी. इंग्रजीत त्याला स्पोकशेव्ह म्हणतात, गोल लाकूड सोलायला वापरतात, हे मला व्हिडिओ बघून माहीत होतं. मी ते दोन्ही हातांत धरलं. माझ्यासाठीच घडवल्यासारखं बसलं. चाचांनी माझ्या मुठींकडे पाहिलं आणि म्हणाले, "ले जा बेटी. इतने साल से पडा है, पकडनेवाला नहीं आया था." किती पारखी नजर त्या माणसाची! भंगारात बसून हात ओळखत होता. आईला फोटो पाठवला, तर तिने लगेच बारसं केलं: दोन कानांचा रंधा.

अण्णांचा फोन आठवड्याला यायचा. शेवटी एक ठरलेला प्रश्न: "न् तुझा खेळ काय म्हणतो?" खेळ! मी जुन्या दाराच्या सागवानी फळ्या जोडून आख्खी नवी बेस गिटार करायला घेतली होती, बोटांना चिरा पडल्या होत्या, आणि याला खेळ म्हणायचं. मला बक्षीस नको होतं, कौतुकही नको होतं. माझ्या कामाला अण्णांनी एकदा काम म्हणावं, एवढंच हवं होतं. ते मागता येत नव्हतं. अण्णांच्या घरात मागून काय मिळतं ते मला ठाऊक होतं.

यंदा आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशिकला केलं, तेव्हा दोघं माझ्याकडे चार दिवस राहिले. गिटार नुकतीच पुरी झाली होती. पहिल्याच सकाळी अण्णा चहाचा कप घेऊन बाल्कनीत आले आणि भिंतीवर टांगलेली माझी हत्यारं बघत उभे राहिले. बराच वेळ. पण एकाही वस्तूला त्यांनी हात लावला नाही. कप खाली ठेवल्यावर तर दोन्ही हात पाठीमागे बांधले. माझं तोंड उतरलं. खेळण्यांना काय हात लावायचा, असंच जणू. मला तरी ते तसंच दिसलं.

मी गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. अण्णांनी डोळे मिटले आणि तळहात लाकडावरून हळूहळू फिरवला, गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा. मध्येच थांबले. तिथेच पुन्हा फिरवला.

"पातं एकदम सरळ घासलं व्हतं का?"

"हो. गुण्या लावून. प्रकाशाची रेघसुद्धा पलीकडे दिसत नव्हती," मी अभिमानाने सांगितलं. कंपनीत असं पातं पास झालं असतं.

"तिथंच चुकलं. रंध्याच्या पात्याचे कोपरे किंचित मारायचे, घासून गोल करायचे असतात. नायतर रंधा दर फेरीला आपली रेघ सोडून जातो. बघ."

त्यांनी गिटार उन्हाकडे तिरपी केली. आणि मला दिसल्या. वाळूकागदाने घासून, पॉलिश मारून मी ज्या गेल्या असं समजत होते, त्या बारीक रेघा एकीशेजारी एक उभ्या होत्या. गेज घेऊन दुसऱ्यांचा माल रिजेक्ट करणारी मी, माझ्याच मालातल्या चुका मला दिसल्या नव्हत्या, आणि शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाच्या तळहाताला त्या मिटल्या डोळ्यांनी कळल्या. लाज वाटली. पण त्याहून जास्त अभिमान वाटला, की हा माणूस माझा बाप आहे.

मी पातं काढून त्यांच्यापुढे धरलं. "द्या ना मारून."

अण्णांनी हात पुन्हा पाठीमागे घेतले. "तुझं हत्यार हाय. तूच मार. मी सांगतो."

मी धारेच्या दगडावर पाणी टाकलं. "दाब एका बोटावर. आता दुसऱ्या. बास, लय नको." आणि पातं घासता घासता मला एकदम सायखेड्याचे मिस्त्री आठवले, अण्णा ज्यांना खरे कारागीर मानायचे ते. अण्णांनी उभ्या आयुष्यात हत्यार मागितलं ते फक्त त्यांच्याकडे, भोकं पाडायचं एक मोठं गिरमिट, तेही दारात उभं राहून, चहा झाल्यावर, अदबीने. बाकी कुणाच्या हत्याराला ते बोटही लावत नसत. लहानपणी मी कारण विचारलं होतं, तर म्हणाले होते, "कारागिराचं हत्यार त्याच्या हातासारखं असतं. कुणाचाबी हात आपण उचलतो का?" म्हणजे सकाळी चहाचा कप ठेवून पाठीमागे बांधलेले ते हात! मी त्यांचा भलताच अर्थ लावत बसले होते.

मी मान खाली घालून दुसरा कोपरा घासायला घेतला. वर बघितलं असतं तर रडले असते, आणि पातं ओलं होतं तेवढं पुरे होतं.

पुढचे दोन दिवस आम्ही गिटारचं पॉलिश उतरवलं आणि पाठ नव्याने रंधली. आई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आतून विचारायची, "झालं का तुमचं सुतारकाम?" रंध्याच्या तोंडातून पापुद्र्यासारखे लांब वळसे निघायला लागले, तेव्हा अण्णांनी एक उचलून खिशात ठेवला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

निघायच्या दिवशी मी रिक्षा बोलावली. आई पिशव्यांसह खाली गेली, तरी अण्णा बाल्कनीच्या दारात घुटमळत राहिले. मग आत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अर्धा कप चहा टाक." रिक्षावाला खाली हॉर्न मारत होता. मी चहा केला. तो त्यांनी सावकाश पिऊन संपवला, कप खाली ठेवला आणि उभे राहिले.

"हल्ली मोठा रंधा धरला का अंगठा लय दुखतो," भिंतीकडे बघत ते म्हणाले. "न् कुदळी-फावड्यांच्या दांड्यांचं काम तर रोज असतं. तुझा तो दोन कानांचा... थोडे दिवस देती का?"

मी तो खुंटीवरून काढला, जुन्या ओढणीत गुंडाळला आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातांत दिला. त्यांनीही दोन्ही हातांनी घेतला.

त्याला आता पाच महिने झाले. मध्ये मी दुसऱ्या गिटारची मान घडवायला घेतली, ती पुन्हा कानशीने घासते आहे. वेळ लागतो. नवा स्पोकशेव्ह ऑनलाइन मिळतो, पण मी घेतलेला नाही. तुम्ही विचारता ना, आता तुझं घर कुठलं, नाशिक की चांदवड? पूर्वी मी गडबडायचे. आता सांगते, माझी हत्यारं नाशिकला आहेत आणि त्यातलं एक चांदवडला कामावर आहे. रविवारी फोन आला की अण्णा सांगतात, आज त्याने किती दांडे सोलले. मग विचारतात, "न् तुझं काम काय म्हणतं?"