मिल सुरू आहे तोवर बोलून घ्या!

आमच्या आरोग्य केंद्रातले किस्से इतके साचले आहेत की मलेच आठवत नाही कोणता सांगितला आणि कोणता राह्यला. जेवता जेवता एखादा सुरू केला की नवरा म्हणतो, "हा तं तू मागच्या महिन्यात सांगितलता!" मी म्हणते, "नाही हो, तो वेगळा, हा वेगळा!" आता मैत्रिणी मागं लागल्या, लिहून काढ म्हणून. घ्या, काढते.

आधीच सांगून ठेवते. मी सिस्टर आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाटले राहते आणि रोज स्कूटीनं लालबर्रा रोडवरच्या एका गावात ड्युटीले जाते. कोणतं गाव, ते सांगणार नाही. नावं सगळी बदलली आहेत. आणि कोणाले काय आजार होता, हे तं बिलकुल विचारू नका! बाईनं डॉक्टरजवळ बोललेलं डॉक्टरजवळच राहावं, यासाठी आम्ही जी धडपड केली, त्याचेच हे किस्से आहेत.

आम्ही म्हणजे तिघी. एक मी. दुसरी कमलाबाई, आमच्या गावची आशा दीदी, घरोघरी फिरून बायांले दवाखान्यात आणणारी. तिसऱ्या डॉक्टर मॅडम, त्या बसतात जबलपूरले आणि टॅबलेटच्या पडद्यावर आमचे पेशंट पाहतात. मॅडमचं माहेर नागपूरचं, म्हणून मराठी फस्सकलास. हे माझं नशीबच!

*

आमच्याकडे दवाखान्यात एकटं जायची पद्धत नाही. बाईचं डोकं दुखलं तरी सासू, जाऊ, नणंद, शेजारीण, सगळ्या निघतात. माया असते त्यात, खोटं नाही बोलत.

पहिल्या व्हिडिओ कॉलले तं खोली खचाखच भरली. पडद्यावर सगळ्यांचे अर्धे अर्धे चेहरे. कोणाचं कपाळ, कोणाची नथ. मॅडमनं विचारलं, "यातलं पेशंट कोण?"

सगळ्या एकमेकींकडं पाहायले लागल्या. मग त्यातली एक मावशी म्हणते, "पेशंट घरीच हाय मॅडम. तिले काम होतं. आमी सांगतो न तिचं सगळं!"

*

असं दोन-चारदा झालं, मग मॅडमनं नियम केला. कॉल सुरू झाला की आधी कॅमेरा गोल फिरवायचा, पूर्ण खोली दाखवायची. पेशंटशिवाय कोणी दिसलं की कॉल पुढं जाणार नाही.

एकदा भरवेलीच्या खाणीत काम करणारा एक नवरा बायकोले मोटरसायकलवर घेऊन आला. बाहेर बसा म्हटलं, "हौ हौ" म्हणाला. मी रजिस्ट्रेशन करून आत आले, कॅमेरा फिरवला, कोणी दिसलं नाही. मॅडम मात्र चष्मा सरकवून पाहून राह्यल्या.

"सिस्टर, तो इंजेक्शनचा पडदा आहे ना, त्याच्या खाली दोन बूट दिसतात."

मी पाह्यलं. खाणीतल्या काळ्या धुळीनं भरलेले हे मोठे बूट!

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आधी पडद्यामागचा पेशंट घेऊ. मोठी सुई काढा."

गडी असा पळाला की मोटरसायकलची चाबी टेबलावरच! पण माणूस चांगला. पुढच्या वेळेस स्वतःच दारात उभा राह्यला आणि बाकीच्यांले दटावत होता, "आत नका जाऊ, लय मोठी सुई हाय!"

*

आता जानकाबाई. गावातलं मोठं घर, कडक बाई, आवाज असा की शेतातून हाक मारली तं रोडवरची बस थांबावी. तिची सून दुर्गा. नवीनच लग्न होऊन वारासिवनीकडून आलेली, तोंडातून शब्द निघणार नाही अशी. पोरगी दिवसेंदिवस सुकत चालली होती. नियम व्हायच्या आधी जानकाबाई तिले घेऊन आलती, तो कॉल मी विसरणार नाही.

"दुर्गा, तुला काय त्रास होतो?"

"काई नाई मॅडम, जेवत नाई बराबर," जानकाबाई म्हणे.

"दुर्गा, झोप लागते का?"

"घोरते!" पुन्हा जानकाबाईच.

"दुर्गालाच बोलू द्या ना."

"तिले काय समजते? मी सांगतो न!"

शेवटी मॅडमनं हात टेकले. म्हणाल्या, "बरं दुर्गा, जीभ तरी दाखव."

आणि देवाशपथ सांगते, जानकाबाईनं जीभ काढून दाखवली!

आम्ही हसलो. पण जाताना दुर्गानं मागं राहून माझा हात धरला. "सिस्टर, मले मॅडमसंग एकटीनं बोलाचं हाय. एकच गोष्ट हाय." डोळे भरून आलते तिचे. मॅडमले सांगितलं तं त्याही गंभीर झाल्या. म्हणाल्या, "ती बोलल्याशिवाय मला नेमकं औषध देता येणार नाही. आणि असंच चाललं तर ही मुलगी अंथरुणाला खिळेल." तो नियम झाला तो खरं म्हणजे दुर्गासाठी.

*

नियम झाला, पण भिंतीचं काय? मॅडमचा आवाज टॅबलेटमधून खिडकीबाहेर जायचा. खिडकीखाली बाया तांदूळ निवडायले बसायच्या. घरचं अंगण सोडून नेमकं आमच्याच खिडकीखाली!

मग मी बालाघाटच्या बाजारातून इअरफोन आणले. मोठी हुशारी केली म्हणून खूश. पहिल्यांदा लावले रुक्माबाईच्या कानात. आता कानात काही घातलं की माणूस किती जोरात बोलतो, तुम्हाले माहीतच आहे. मॅडमचे प्रश्न कोणालेच ऐकू येईनात, पण रुक्माबाईची उत्तरं पार चौकापर्यंत!

"हौ! ... नाई, उजव्या बाजूले! ... रोज नाई वो मॅडम, मिरची खाल्ली कीच!"

तेवढ्यात कमलाबाई धावत आली. "सिस्टर, बंद करा! बाहेर बाया मॅडमचे प्रश्न ओळखून राह्यल्या!"

*

देव कोणत्या रूपात येईल, सांगता येत नाही. आमच्याकडे तो राईस मिल होऊन आला.

केंद्राच्या मागच्या भिंतीले लागून एक मिल आहे. सुरू झाली की खिडक्यांची तावदानं थरथरतात. त्या आवाजावर मी रोज बोटं मोडायची. एक दिवस कॉल चालू असताना मिल सुरू झाली आणि खिडकीखालच्या बाया वैतागून उठल्या. "काईच आयकू नाई येत इथं!" म्हणत घरी गेल्या.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! लगेच मिलच्या सेठले फोन लावला. "सेठजी, आप मिल कितने बजे चालू करते हो?"

बिचारा घाबरला. "दीदी, आवाज से तकलीफ हो रही क्या? बंद कर दूँ?"

"बंद मत करना सेठजी! ज़ोर से चलाओ!"

तेव्हापासून बायांचे कॉल मिलच्या टाइमात. मॅडम एकदा म्हणाल्या, "तिकडे रेल्वे चालली आहे का?" मी म्हटलं, "नाही मॅडम, धान भरडून राह्यले." इअरफोनमुळे मॅडम आणि पेशंटले एकमेकींचं बरोबर ऐकू यायचं, बाहेर मात्र नुसता धडधडाट. सेठनं मले आजवर विचारलं नाही की दीदी, तुम्हाले माझ्या मिलचं काहून एवढं प्रेम. न विचारल्याबद्दल त्या माणसाले शंभर वर्षं आयुष्य मिळो.

दुर्गा अशीच मिलच्या आवाजात बोलली. मी दाराबाहेर होते. जानकाबाई खिडकीले कान लावून थकली. मी दार थोडं उघडून दुर्गाले एवढंच सांगितलं, "मिल सुरू आहे तोवर बोलून घे, बाई!" आणि दार ओढून घेतलं. बाहेर आली तेव्हा पोरीचे डोळे लाल होते, पण चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं. मॅडमनं औषध बदललं, आणि महिन्याभरात ती दोन घास जास्त जेवायले लागली.

*

दुसऱ्या वेळेस तं दुर्गानं कमालच केली. हे मले मॅडमनंच मागून सांगितलं. त्या दिवशी मॅडम घरून कॉलवर होत्या. दुर्गा बोलायले लागली आणि मॅडमच्या मागून एक म्हातारे बाबा बनियनवर, हातात पेपर घेऊन गेले. दुर्गा चूप!

मॅडम म्हणाल्या, "बोल ना."

दुर्गानं पदर सारखा केला. "मॅडम, तुमीबी फिरवा न कॅमेरा."

मॅडम पाच मिनिटं हसल्या असतील. मग खरंच कॅमेरा फिरवला. कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्यांचे सासरे, पेपर उलटा धरलेला, कान इकडे!

"बाबा, आत जा. पेशंट रागावली आहे."

*

गावातले एक पुढारीही आलते एकदा. त्यांले कॉलवरच्या पेशंटसोबत आपला फोटो पाहिजे होता, गावच्या ग्रुपवर टाकायले. मी म्हटलं, "हौ, काढू न भाऊ. पण आधी तुम्ही बसा खुर्चीवर. तुमचं वजन, बीपी, शुगर, सगळं काढते आणि फोटोखाली लिहून टाकते."

म्हणाले, "नाई, राहू द्या, मले मीटिंग हाय." मिठाईचं दुकान आहे त्यांचं. ते शुगर कायले सांगतील?

*

खरं सांगू, मले या बायांचे पाय धरावेसे वाटतात. आपलं दुखणं उघडं करून दाखवायले किती हिंमत लागते! ते त्या आमच्यावर विसंबून दाखवतात. कमलाबाई उन्हातान्हात फिरते, मॅडम अर्धं जेवण सोडून कॉल घेतात. मी कोण? दार लावणारी बाई! पण या कामानं मले जेवढं समाधान दिलं, तेवढं दुसऱ्या कशानं नाही दिलं.

*

शेवटचा सांगते आणि थांबते.

दुर्गा सुधारली, तशी जानकाबाई पेटली. "माह्या घरची सून, आन माह्यापासून लपवते? ही सिस्टर सुना बिघडवून राह्यली!" गावभर बोलत फिरली. आणि एक दिवस निरोप आला, दुर्गी आता येणार नाई म्हणून. औषध मधातच सुटलं तं सगळी मेहनत पाण्यात, पोरगी पुन्हा अंथरुणाले लागणार, हे मॅडमनं आधीच बजावलं होतं. कमलाबाई समजवायले गेली, तिले जानकाबाईनं पाणीही विचारलं नाही. दुर्गाची दवाखान्याची तारीख चुकली. मले घास गोड लागेना.

पुढच्या तारखेले मी वाट पाहून राह्यले, आणि पाहते तं सासू-सून दोघी येऊन राह्यल्या! जानकाबाई पुढं, दुर्गा मागं. मी मनात म्हटलं, झालं, आता भांडण. कमलाबाईनंही पदर खोचला. नेमकी त्या दिवशी मिलमध्ये दुरुस्ती, सगळं चिडीचूप. खिडकीखाली बाया तांदूळ घेऊन हजर.

जानकाबाई सरळ आत आली आणि खुर्चीवर बसली.

मी म्हटलं, "जानकाबाई, नंबर दुर्गाचा आहे."

"दुर्गीचं मंग. आधी माहं."

 मी टॅबलेट लावला, इअरफोन दिले, कॅमेरा फिरवला. तशी जानकाबाई मान खाली घालून म्हणते, "तूबी जाय न वो बाहेर, सिस्टर."

तिचा आवाज एवढा बारीक मी कधीच ऐकला नव्हता. मी बाहेर आले, दार ओढलं. दुर्गा दारातच उभी होती. तिनं माझ्याकडं पाह्यलं, खिडकीखालच्या बायांकडं पाह्यलं, आणि तरातरा अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाले हँडपंपावर गेली. तोवर कमलाबाई तिथं हात धुवायले गेलती.

"काहून वो कमलाबाई!" दुर्गा ओरडली. "माही बादली काहून सरकवली? तुह्या बापाचा पंप हाय का?"

कमलाबाई थक्क! आम्ही सगळ्याच थक्क! ज्या पोरीच्या तोंडातून कधी शब्द निघाला नाही, ती हातवारे करून, सात पिढ्या काढून भांडून राह्यली होती. बादली तं तिनं आणलीच नव्हती. भांडण पाहायले खिडकीखालच्या बाया तांदूळ टाकून पळाल्या. पानठेल्यावरचे माणसंही आले. खिडकीखाली चिटपाखरू राह्यलं नाही.

दार उघडलं आणि जानकाबाई पदरानं तोंड पुसत बाहेर आली, तवा कुठं दुर्गा चूप झाली. गर्दीतून वाट काढत आली आणि हळूच म्हणाली, "झालं तुमचं, आत्याबाई?"

"हौ."

 जानकाबाई दार सोडून बाजूले झाली.

"जाय आता, तुहा नंबर हाय. मी बसतो इथं दारात."

दुर्गा आत गेली. जानकाबाईनं दार लावलं, उंबऱ्यावर पाय पसरून बसली, आणि परत खिडकीकडं सरकणाऱ्या बायांवर अशी कडाडली की बस!

"काय पाह्यता वो इकडं? घरी कामं नाईत का तुमाले?"