आमच्या घरमालकांची खरखर

रेडिओच्या खरखरीचा इतका द्वेष करणारा माणूस आमच्या नेऱ्याच्या घरमालकांशिवाय जगात दुसरा झाला नसेल. हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा मी जवळच्या नेरे गावात त्यांच्याकडे खोली बघायला गेलो. जात, गाव, लग्न, मांसमच्छी, कशाचीही चौकशी झाली नाही. "चार्जर कंचा वापरता, पाव्हणं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी काढून दाखवला. त्यांनी तो बोर्डात लावला, हातातला रेडिओ त्याच्याजवळ नेला, वाढलेली खरखर ऐकली आणि लेकीसाठी आलेलं स्थळ नापसंत पडावं तसं तोंड केलं. "लई बोंबलतंय. गुरुवारी सांजच्याला काढून ठेवायचं."

गुरुवारी संध्याकाळी कोकणातल्या एका आकाशवाणी केंद्रावर तिथलं भजनी मंडळ गात असे. सह्याद्री ओलांडून येता येता ते भजन बिचारं अर्धमेलं होई आणि उरलासुरला जीव आमचे एलईडी दिवे, इन्व्हर्टर आणि चार्जर घेत. म्हणून घरमालक काका दारोदार फिरून आम्हा भाडेकरूंना अंधारात बसवत. रेडिओ सेलवरच चालवत, घरच्या विजेचा त्याला वारा लागू देत नसत. आंब्यापासून विहिरीपर्यंत त्यांनी एरियलची तार ताणली होती. तिच्यावर मी एकदा टॉवेल वाळत घातला, तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शिवाय रेडिओ धरून ते बांधावर स्वतःभोवती सावकाश फिरत. खरखर जिथे कमी होई तिथे थांबत, मग तोंड बाभळीकडे असो की उकिरड्याकडे.

त्या मंडळात त्यांचा थोरला भाऊ गातो, हे मला काकूंनी सांगितलं. भावाने आपला हिस्सा बिल्डरला विकला आणि तो लेकीकडे कोकणात राहायला गेला, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. विकलेल्या जमिनीवर फ्लॅटची इमारत उठली, आणि सगळ्यात जास्त खरखर नेमकी तिच्याच दिव्यांची येई. तिथल्या वॉचमनने काकांना कधी दाद दिली नाही.

एका गुरुवारी सगळ्या गावाचीच वीज गेली. लोक चरफडत बाहेर आले. काका तेवढे खुशीत. मीही त्यांच्याबरोबर बांधावर गेलो. पहिल्यांदाच आवाज स्वच्छ आला. काकांचा चेहरा खुलला आणि मग हळूहळू उतरला.

"दम लागतुया त्येला," ते म्हणाले. "ओळ मधीच सोडतोय. खरखरीत कळलंच न्हाई कधी."

"काका, फोन लावून देऊ?"

"फोनवर बोलावं लागतंय, पाव्हणं. हितं नुसतं ऐकता येतं."

तेवढ्यात इमारतीचे दिवे लागले आणि भाऊ खरखरीत बुडाला. काकांनी रेडिओ बंद केला नाही. कानाला घट्ट लावून ते तसेच उभे राहिले, आणि मला फार वाईट वाटलं.

आता मी भूगावला राहतो. गुरुवारी दिवेलागण झाली की मनापासून वाटतं, नेऱ्यात आज घटकाभर वीज जावी, आणि भजन संपेपर्यंत काकांच्या भावाला दम पुरावा.